लावून बघितलाव का?

“लावून बघितलाव का?”

हे अण्णांचं वाक्य. विचारताना ते समोरच्याकडे बघत नसत. डिस्कच्या मधल्या भोकात बोट घालून ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरत, जांभळट बाजू निरखत आणि विचारत. उत्तर ‘न्हाई’ आलं की काउंटरवर थाप बसे.

महाराष्ट्राच्या सीमेलगत, कर्नाटकातल्या आळंदला बसस्थानकामागे त्यांचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. लग्नं, बारशी, जत्रा. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याच्या दुकानात लोक मनाची तयारी करून जातात. पण अण्णांचा राग नुसता स्वभाव नव्हता. त्याला नेमकं कारण होतं.

कोऱ्या डीव्हीडी दोन जातींच्या येत, प्लस आणि मायनस. दिसायला सारख्या, दरही जवळपास सारखा. संगणकावर दोन्ही भरता येत. घरोघरच्या जुन्या प्लेअरपैकी काही मात्र प्लस ओळखत नसत. पडद्यावर ‘नो डिस्क’ अशी अक्षरं येत आणि घरच्यांना वाटे, डिस्क रिकामी आहे. कंपन्यांच्या दोन गटांनी आपापली पद्धत रेटली होती.

“भांडण त्येंचं, आन लगीन आमचं नासायलंय!” अण्णा म्हणत.

त्यांनी एक वही केली होती. गाव, घर, घरातला प्लेअर आणि त्यावर काय लागतं. शूटिंगला गेले की कॅमेरा काढायच्या आधी ते टीव्हीपाशी जात. एकदा उमरग्याच्या मांडवात त्यांनी नवऱ्याच्या मामांना विचारलं, “प्लेअर कुठला हाय तुमच्याकडं?” मामांना वाटलं, मुलीकडचे देणार आहेत.

“तुमी द्याल त्यो,” मामा लाजत म्हणाले. “आमी काय न्हाई म्हनायलोत का?”

शेजारी बसलेल्या मुलीच्या बापाचा चेहरा उतरला. अण्णा भर मांडवात ओरडले, “मामा, मी शूटिंगवाला हाय, सासरा न्हाई!”

त्या काळात मी सोलापूरच्या एका दैनिकाचा आळंदचा वार्ताहर होतो. डिस्कच्या एका विक्रेत्याने छापील पत्रक आणून दिलं. त्यावरून मी चार परिच्छेदांची बातमी केली. प्लस नवी, टिकाऊ, उद्याची. मायनस मागे पडणार. एकही डिस्क मी एकाही प्लेअरमध्ये घातली नव्हती.

बातमी आली त्या दिवशी अण्णा पेपर घेऊन आले.

“लावून बघितलाव का? एक तरी?”

“कंपनीनं कळवलंय, अण्णा.”

“कंपनी खजुरीसारख्या खेड्यात टीव्ही बघाय येती व्हय? लोक तुमचा पेपर दावून प्लस मागायलेत. चुकलं म्हणून छापा की! कामून छापत न्हाई?”

मी दोन ओळींचा खुलासा पाठवला. तो छापून आला नाही. पुन्हा मी पाठवला नाही.

खजुरीचे एक शेतकरी भजनात एकतारीवर गात. कन्नड वचनं आणि मराठी अभंग, एकाच बैठकीत. गाव त्यांना अप्पा म्हणे. त्यांना घशाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, आवाज जाईल. सोलापूरला जायच्या आदल्या दिवशी अप्पा अण्णांकडे आले. अण्णांनी दुकानाचं शटर ओढून तासभर त्यांचं गाणं टिपलं. पैसे घेतले नाहीत.

डिस्क भरायची वेळ आली तेव्हा अप्पांनी खिशातून घडी घातलेलं कात्रण काढलं. माझी बातमी.

“प्लसच द्या, अण्णा. जास्ती टिकती म्हनं.”

अण्णांनी वही उघडून खजुरीचं पान समोर धरलं. अप्पांच्या घरापुढे ‘फक्त मायनस’ लिहिलं होतं. अप्पा कात्रण सोडेनात. अण्णा ओरडले, वही आपटली, मग त्या गळ्याकडे बघून त्यांनी प्लसच भरली. “घ्या प्लस. घरी जाऊन लावून बघा. न्हाई लागली तर लगी परत आना.”

त्या संध्याकाळी कोणी लावून बघितली नाही. घर दवाखान्याच्या तयारीत होतं. अप्पा परत आले ते आवाजाविना. पुढे कितीतरी महिने ते गाणं ऐकायचा धीर घरात कोणाला झाला नाही. तोवर अण्णांच्या संगणकावरची प्रत पुसली गेली होती आणि टेपवर दुसरी लग्नं चढली होती. धंद्याची रीतच तशी होती.

ज्वारी हुरड्यावर असताना बाजारात अप्पा दिसले. “गाणं ऐकायलाव का?” अण्णांनी विचारलं. अप्पांनी हसून तळहात उघडून दाखवला. डिस्क रिकामी, अशी खूण.

अण्णा तडक माझ्या दारात आले. “गाडी काढा.”

खजुरीत अप्पांच्या बायकोने, अक्काने, आधी पाणी दिलं. डिस्क मागितल्यावर ती ओशाळली आणि तिने रानाकडे बोट केलं. टीव्हीवर ‘नो डिस्क’ आलं होतं. पण फुकट करून दिलेल्या कामाची तक्रार कोणत्या तोंडाने करायची, म्हणून आळंदला कोणी निरोप दिला नव्हता. रिकामी समजून डिस्क दोऱ्याने ज्वारीत टांगली होती, पाखरं हाकायला.

ती गरगर फिरत होती. अण्णांनी दोरा तोडला, भोकात बोट घातलं आणि डिस्क उन्हात तिरकी धरली. जांभळा रंग उडून पांढुरका झाला होता. ती आता कुठल्याच यंत्रावर लागणार नव्हती. मी ओरडण्याची वाट बघत होतो. माझ्यावरच ओरडतील, असं वाटत होतं.

“अक्का, चूक माझी हाय,” अण्णा हळू म्हणाले. “माझ्याकडून भरायचंच राहिलं. कोरीच व्हती ही.”

अप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी तिथेच उभा होतो. कात्रण माझं होतं. मी काही बोललो नाही.

परतीच्या वाटेवर अण्णा एकदाच बोलले. “एक मायनसबी त्येंच्या पिशवीत टाकायला पायजे व्हती मी.” आळंदला उतरल्यावर डिस्क माझ्या हातात ठेवून ते निघून गेले. पुढे त्यांनी मला कधी ओळख दिली नाही.

आता अण्णा नाहीत, अप्पाही नाहीत. दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. मागच्या सुगीत मी खजुरीला गेलो आणि अक्काला सगळं सांगितलं. डिस्क कोरी नव्हती, तिच्यावर गाणं होतं, आणि बातमी माझी होती.

अक्का तूर पाखडत होती. सूप थांबलं नाही.

“म्हाईत हाय.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी न्हाई. अण्णा त्या दिशी वरडले न्हाईत.” तिने सुपातला एक खडा वेचून अंगणात फेकला. “आन तुमी तर तोंडबी उघडला न्हाईत.”