बाजेवरचा उमेदवार

चहा आधी संपवून घ्या, मग सांगतो. मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या साडूंना असा ठसका लागला की पाठीत गुद्दे घालावे लागले. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण जिवंतपणी स्वतःच्या मयतीला लोक जमवायचा पराक्रम एकदाच केला. आणि वर त्याचं बक्षीससुद्धा मिळवलं!

गोष्ट नव्वदीतली. मी केदारखेड्याचा. आमच्या वर्गात दत्ता दोन होते, एक लंबा दत्ता आणि एक गिड्डा दत्ता. मी कोणता, ते तुम्ही बघताच आहात. हसू नका! हसायचं अजून पुढंच आहे.

शाळेत माझी जागा रांगेत पहिली. फोटोत पुढं, मांडी घालून. आणि घरात तर त्याहून थोर कारभार. सगळ्या जगात थोरल्याची आखूड झालेली पँट धाकट्याला येते. आमच्या घरात धाकट्याची पँट मला यायची! आई वर म्हणायची, "बराबर बसली बघ. जरा खालून दुमडून घे, झालं."

तेही मी चालवून घेतलं असतं. पण मला पोलीस व्हायचं होतं. दुसरं काही म्हणजे काही डोक्यात नव्हतं. आणि पोलिसाला उंची लागते एकशे पासष्ट सेंटिमीटर. माझी भरायची करंगळीभर कमी. करंगळी आडवी धरा हां, उभी नाही! म्हणजे बघा, माझ्यात आणि खाकी वर्दीत एक आडवी करंगळी उभी होती.

ती घालवायला मी काय नाही केलं? मळ्यातल्या लिंबाच्या फांदीला रोज लोंबकळलो. हात लांब झाल्यासारखे वाटायला लागले, पाय जिथल्या तिथं. आणि बारावी सुटल्यावर भरती निघाली. पंधरवड्यावर तारीख.

तेवढ्यात माझा दोस्त सुदाम एक वर्तमानपत्राचं पान घेऊन आला. त्यात भजी बांधून आली होती. तेलाच्या डागातून आम्ही दोघांनी वाचलं: परदेशात म्हणे पायाचं हाड कापतात, बाहेरून लोखंडी कडी बसवतात, आणि माणूस लांब होतो!

"सुदाम्या, काम झालं!" मी म्हणालो.

"आरं पण हाड कापतेत ना?"

"कापू दे की. परत जोडतेतच ना?"

अहो, अठराव्या वर्षी अक्कल एवढीच असते. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं एस.टी.नं जालन्याला हाडाच्या डॉक्टरांकडे. मी पिशवीत दोन लुंग्या, टॉवेल आणि उशी घेतली होती. उशी का? भरती व्हायला! पोलिसात नव्हे, दवाखान्यात. मला वाटलं, सकाळी कापतील, संध्याकाळी जोडतील, उद्या मुक्कामाची गाडी धरून घरी.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी उशीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"कुठं दुखतं?"

"दुखत न्हाई साहेब. पाय मोडून घ्यायचे हायेत. दोन्ही."

डॉक्टरांनी चष्मा काढला. मी भज्याचं पान त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी ते चिमटीत धरून वाचलं आणि मला समोर बसवून समजावलं. हाड कापायचं, कडी बसवायची, रोज थोडी थोडी चावी फिरवायची, हाड केसाकेसानं वाढतं. वर्षभर तरी कुबड्या. दुखणं वेगळंच.

"वर्ष?" मी म्हणालो. "मला तर पंधरा दिवसांत पाहिजे. पोलीस भरती हाय."

"भरतीत पळायला लागतं ना रे?"

"लागतं की."

"दोन्ही पाय मोडल्यावर पळणार कसा?"

खरं सांगतो, हा विचार मी केलाच नव्हता. सुदामनंही नव्हता.

डॉक्टर इतके हसले की बाहेरची नर्स आत डोकावली. मग त्यांना माझी कीव आली असावी. म्हणाले, "किती कमी आहे?" मी करंगळी दाखवली. "अरे, एवढी उंची तर तू रोज संध्याकाळपर्यंत घालवतोस! रात्रभर झोपलं की मणके मोकळे होतात, माणूस सकाळी थोडा उंच असतो. दिवसभर उभं राहून दबतो. जा, पाय सांभाळ."

त्यांनी मला घालवायला म्हणून सांगितलं होतं. मी काय ऐकलं? झोपलेला माणूस उंच असतो! मंग उठायचंच कशाला?

बेत असा ठरला. भरतीच्या दिवशी मी अंथरुणातून उठायचंच नाही. बाजेसकट मला उचलायचं, दोस्त भगवानच्या टेम्पोत ठेवायचं, आणि थेट माप घेणाऱ्या साहेबापुढं उभं करायचं. हादऱ्यानं उठून बसायला नको म्हणून बाजेला सोलानं, म्हणजे जाड दोरानं, बांधायचं. आणि गावात चेष्टा नको, म्हणून सुदाम आणि भगवानकडून राजूरच्या गणपतीची शपथ घेतली: कुणी कितीही विचारलं तरी एक शब्द बोलायचा नाही.

आईला मात्र सांगावंच लागलं. चांगल्या कामाला निघालेल्या लेकराला ती रिकाम्या कपाळानं कशी सोडेल? हळद-कुंकू लावलं. झेंडूचा हार घातला. गणपतीचा गुलाल उधळला. आणि रस्त्याला धूळ फार म्हणून बाबांचं पांढरं स्वच्छ धोतर डोक्यापासून पायापर्यंत पांघरलं.

आता तुम्हीच डोळ्यांपुढं आणा. बाज. सोल. पांढरं धोतर. वर हार. वर गुलाल. शेजारी सुदाम, रात्रभर न झोपल्यानं डोळे लाल. मला सांगा, बघणाऱ्यानं काय समजायचं?

मला यातलं काही सुचलं नाही. मी आत निवांत होतो, मणके मोकळे करत.

राजूर लागलं. राजूरवरून जायचं आणि गणपतीला नारळ न फोडता जायचं, हे आमच्याकडं होत नाही. भगवान नारळ घेऊन वर टेकडीवरच्या देवळात गेला. टेम्पो खाली, पूजेच्या दुकानांपुढं. मंगळवार, म्हणून गर्दी. पहिल्यांदा शेजारच्या दुकानातला टेप बंद झाला. मग चपला वाजल्या. मग एक म्हातारा आवाज आला.

"आरारारा! कोण्या गावचं बाबा?"

"केदारखेडा," सुदाम म्हणाला. गाव सांगायला शपथेची बंदी नव्हती.

"काय झाल्तं?"

सुदाम गप्प. शपथ!

"दुखण्यानं, का पाण्यात?"

सुदाम गप्प. नुसता खाली मान घालून.

"नका हो इचारू त्याला," एक बाई म्हणाली. "भाऊ दिसतोय. बोलायला सुधरंना त्याला."

"पण जालन्याकडं कामून नेऊन राह्यले? गावात जागा न्हाई का?"

"सरकारी दवाखान्यात फाडायला नेत असतील."

फाडायला! धोतराच्या आत मला दरदरून घाम फुटला. पण करू काय? उठलो तर करंगळी गेली. वर्दी गेली. आणि पडून राहिलो तर जास्तीत जास्त काय, मेलो. मी विचार केला, दत्ता, थोडा वेळ मरून बघ. पोलीस तर होशील!

मी श्वास रोखला. कुणीतरी टेम्पोच्या फाळक्याला हात लावून नमस्कार केला. कुणी फुलं टाकली. एक माझ्या नाकावर पडलं. तेही सोसलं. आणि तेवढ्यात ती बाई रडवेल्या आवाजात म्हणाली,

"केवढंसं लेकरू हो! दहा-बारा वर्साचं असंल न्हाई?"

अहो, मेलेला चालेल. फाडलेला चालेल. पण दहा-बारा?

"अठरा पुरे झालेत!" मी धोतरातून ओरडलो. "अठरा!"

पुढचं मला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. एक किंकाळी. नारळाचा ढीग कोसळला. चपला सुटल्या त्या थेट बसस्टँडपर्यंत वाजत गेल्या. म्हातारा "गणपती बाप्पा मोरया" म्हणत होता की "पळा पळा", ते काही नीट कळलं नाही. सगळं सामसूम झालं. फक्त एक माणूस जागेवर राहिला.

"दत्त्या?" त्यानं धोतर वर केलं. बघतो तर माझे सख्खे मामा! आईचे भाऊ, राजूरलाच हारफुलांचं दुकान. डोळ्यांत पाणी, हातात माझ्यासाठी आणलेला हार. "आरं माझ्या लेकरा, जिता हायेस?" असं म्हणून त्यांनी मला मिठीच मारली आणि उठवायला लागले.

"मामा, उठवू नका! उठलो की मेलो!"

मामांना पुन्हा काही कळेना. शेवटी मीच पडल्या पडल्या सगळं सांगितलं: डॉक्टर, मणके, करंगळी. मला वाटलं, आता मामा मुस्काटात देतील. पण मामा म्हणजे मामा! त्यांनी डोळे पुसले आणि माझ्या मयतीसाठी आणलेला हार माझ्या अंगावर नीट पसरला. तेवढ्यात भगवान नारळ फोडून खाली आला.

"भगवान, गाडी काढ. मी येतो संगं. आता ह्याला उंचीच्या पट्टीखाली नेऊनच खाली ठेवायचा!"

पळालेली माणसं एकेक करून परत आली होती. खरा प्रकार कळल्यावर ती आधी चिडली, मग हसली, आणि मग काय, तीही निघाली! कुणी टेम्पोत, कुणी मागून मोटरसायकलवर. जालन्यापर्यंत रस्ता कसा मिळाला म्हणता? समोरचे ट्रक बाजूला होत होते, बैलगाड्या खाली उतरत होत्या. मंत्र्याला मिळणार नाही असा मान मला मिळाला. फक्त हात जोडून.

मैदानाच्या फाटकावर हवालदारानं अडवलं. "दवाखाना तिकडं आहे."

"पेशंट न्हाई, उमेदवार हाय," मामा म्हणाले.

"मग चालत येऊ द्या."

"चालतच यावं लागतं असा नियम हाय का? दाखवा."

हवालदारानं असा नियम आयुष्यात वाचला नव्हता. तो विचार करेपर्यंत चौघांनी बाज खांद्यावर घेतली आणि आम्ही आत. रांगेतली पोरं बाजूला झाली. एकानं टोपीही काढली.

रांग मोठी, वरून ऊन. रांग सरकली की माझी बाज सरकायची. पुढच्यानं विचारलं, "काय झालंय तुला?" मी म्हणालो, "काही न्हाई, झोपून उंची वाढवून राह्यलो. डॉक्टरनं सांगितलंय." तो जरासा ठेंगणाच होता. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि हळूच आडवा झाला. त्याला बघून त्याच्या पुढचा. मग मागचे. ज्यांना उंचीची काही गरज नव्हती असे सहाफुटीही झोपले, म्हटलं दुसरे वाढतात तर आपण का मागं राहायचं?

साहेब चहा पिऊन तंबूतून बाहेर आले. सकाळी उभी असलेली अख्खी भरती मैदानावर उताणी पडलेली!

त्यांच्या हातातली काठी थांबली. "काय झालं रे ह्यांना? पाण्यातून काही गेलं काय?"

सगळ्यांनी पडल्या पडल्या माझ्याकडं बोट केलं.

साहेब बाजेपाशी आले. मिशा ही अशी. मी सगळं खरं सांगितलं, पाय मोडून घ्यायला गेलो होतो तेसुद्धा. म्हणालो, "साहेब, मला पोलीसच व्हायचंय. दुसरं काही येत न्हाई, आणि व्हायचंही न्हाई."

साहेब हसले नाहीत. मिशी नुसती हलली. "सोडा ह्याला. सुरुवात ह्याच्यापासून. भरली तर भरली, न्हाई तर ह्याच बाजेवर परत."

सोल सोडला. मला पट्टीला उभं केलं. आणि पाय? पहाटेपासून बांधलेले! मुंग्याच मुंग्या! गुडघे विरघळून खाली चाललेले, मी पट्टीला पाठीनं चिकटलो. मामांनी डोळे मिटले. सुदाम शपथ विसरून मोठ्यानं गणपतीचं नाव घ्यायला लागला. दात आवळले, टाचा टेकवल्या, मान ताणली. डोक्यावर लाकडी फळी टेकली.

मोजणाऱ्यानं वाकून बघितलं. साहेबांनी त्याला बाजूला करून स्वतः बघितलं.

"एकशे पासष्ट!" साहेब म्हणाले. "केसभर कमी न्हाई, केसभर जास्त न्हाई. पास!"

मामांनी उरलेला सगळा गुलाल उधळला, त्यातला निम्मा साहेबांच्या मिशीवर. राजूरकरांनी मला बाजेवर टाकून मैदानाला चक्कर मारली, आणि या वेळी मी त्या बाजेवर ताठ बसलो होतो! पुढं छाती भरली, मुंग्या उतरल्यावर पळालोही जोरात. वर्दी अंगावर चढली तेव्हा आई रडली, आणि मीसुद्धा रडलो, लपवत नाही.

बरं, नोकरीतली माझी पहिली मोठी ड्यूटी कुठली असेल? पुढच्या वर्षीची भरती! साहेब तेच. उमेदवार इतके आले की पट्टीपाशी चेंगराचेंगरी व्हायची वेळ. साहेबांनी मला बोलावलं आणि मैदानाच्या फाटकात मधोमध उभं केलं. मी कडक सॅल्यूट ठोकला. म्हटलं, बंदोबस्त दिसतोय.

साहेबांनी भोंगा तोंडाला लावला. "ऐका! हा शिपाई बघा. ह्याच्यापेक्षा जो ठेंगणा असेल, त्यानं आत येऊ नये. सरळ घरी जावं!"

हजारभर पोरं माझ्याकडं टाचा उंचावून बघायला लागली. मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू, सगळ्या जिल्ह्याचं माप म्हणून मी उभा! जरा ऐटीत एका पायावर भार दिला, कमरेवर हात ठेवला.

साहेब भोंग्यातूनच खेकसले, "ए दत्ता, सरळ उभा राहा! तू जरा वाकलास ना, तर अर्धा जिल्हा भरती व्हायचा!"