पाडाचे आंबे आणि कामठी रस्त्यावरची खोली

जालन्याहून नागपूरच्या गाडीत बसलो तेव्हा सोबत केसर आंब्यांचे चार क्रेट होते. पंधरा वर्षं मी कार्बाइडच्या पुड्या ठेवून आंबा पिकवला. तोच खाऊन नागपूरला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, तोंड भाजलं. ती मला एका शब्दाने बोलली नाही. फक्त माझा आंबा खाणं तिने सोडलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

स्टेशनाबाहेर उन्हाने डोळे मिटले. धरमपेठेत अक्काकडे जायचा धीर नव्हता. थेट कामठी रस्ता गाठला. तिथे शोभाताई फळं पिकवण्याची थंड खोली चालवतात. सवयीने मी आंबे कागदात घट्ट गुंडाळून वर गोणपाट बांधलं होतं.

“भाऊ, आंबे आणले का नवरी? इतकं काहून (का) झाकलं?” त्या हसल्या.

मग समजावलं. इथिलीन हा फळाचा स्वतःचाच वायू. बाहेरून थोडा दिला की पाडाच्या, म्हणजे झाडावर पूर्ण भरलेल्या, फळातली जनुकं जागी होतात. मग फळ आपणच इथिलीन करतं, पिठाची साखर होते, गर मऊ पडतो.

“कोवळ्याले कितीही हाका मारा, साल रंगते, आत आंबटच.”

मी मान खाली घातली. कोवळा आंबा तोडून सगळ्यांआधी बाजार गाठणारा मीच होतो. हे चार क्रेट तेवढे शोभाताईंच्या सांगण्यावरून पाडाचे आणले होते.

क्रेट खोलीत लावून मी तिथेच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी शोभाताई गांधीबागेच्या बाजारात गेल्या. दुपारी खोलीचं दार उघडून हवा खेळवायचं काम माझ्याकडे होतं. वायू निघून जाईल या जुन्या भीतीने मी ते उघडलंच नाही. संध्याकाळी कबूल केलं.

“फळं घुसमटून राहिली ना गा!” त्यांनी दार सताड उघडलं. रात्रभर मला झोप नव्हती.

पाचव्या सकाळी दार उघडताच वास अंगावर आला. आंबा कापला, बाठीपर्यंत केशरी!

थोडे आंबे घेऊन तसाच अक्काकडे गेलो. कार्बाइडपासून बंद दारापर्यंत सगळं सांगू लागलो.

“नुसता काय बोलून राहिला? काप ना!” ती म्हणाली. दोन आंबे संपले, रस कोपरापर्यंत. “बाकीचे कुठं ठेवले? शेजारणीले दाखवाचे आहे मले.”

परतताना गाडीतूनच बागेच्या भागीदाराला फोन केला, “तोड थांबव. पाडाला येऊ दे.”

“गिऱ्हाइकं जातील रे!”

“जाऊ दे. एक परत आलंय.”