लाइन आली

जानेफळजवळच्या एका गावात गायरानावर सौर प्रकल्प यायचा होता. त्याला हो म्हणायचे की नाही, हे ग्रामसभेत ठरणार होते. आयुष्यभर विजेच्या धोरणावर लिहीत आलेला माणूस म्हणून मला 'ऊर्जा आणि लोकशाही'वर बोलायला बोलावले होते. आधी सत्कार झाले. शाल, नारळ, मग सत्कार करणाऱ्यांचेही सत्कार.

पुढे बसलेली शेळ्या राखणारी एक बाई मध्येच उठली. "मले एकच इचारायचं हाये. तिथं पॅनल लावल्यावर माह्या बकऱ्या कुठी चरतीन?"

"मावशी, पाहुण्यांचं तं होऊ द्या," सरपंच म्हणाले.

ती बसली. माझी ओळख करून देणे चालू असतानाच बाहेरून कोणी ओरडले, "लाइन आली बे!" शेतीपंपांची वीज आली होती आणि हरभऱ्याला पाणी द्यायचे होते. मंडप रिकामा झाला. बाईलाही कोणाच्या तरी शेतात पाणी धरायला जायचे होते. "तुमचं भाषण लाइन गेल्यावर ठेवत जा बाप्पा," जाताना ती मला म्हणाली.

मंचावर उरलेल्यांत प्रकल्पाचा ठराव एकमताने मंजूर झाला. मी सरपंचांच्या कानाशी लागलो, "त्या बाईंचा प्रश्न राहिला. आणि माणसं कुठं आहेत?"

"मांगच्या खेपेची तहकूब सभा हाये सर, तिले कोरम लागत नाही. तुम्ही बोला."

मी उठलो आणि लोकसहभागावर बोललो. समोर मंडपवाला खुर्च्या एकात एक घालत होता. त्याच्याकडे मला पाहवेना.