मीराच्या बाबांचं हळदीकुंकू

मीराचे बाबा कार्यक्रम संपला रे संपला की झाडू शोधायला लागायचे. आमच्या इथल्या, आखातातल्या मराठी मंडळाचा गणपती असो, नाहीतर मुलांच्या शनिवारच्या मराठी शाळेचं गॅदरिंग असो, बाकीचे पालक पार्किंगमधून गाडी काढायच्या घाईत असायचे, आणि हा उंच, सडपातळ जपानी माणूस कुर्त्याच्या बाह्या वर सारून खुर्च्यांखाली वाकलेला असायचा. हॉलचा वॉचमन म्हणायचा, "खलास, हबीबी, क्लीनर आएगा." मीराचे बाबा त्याला कमरेत वाकून नमस्कार करायचे आणि झाडत राहायचे. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाले, "माझ्या गावात शाळा आईबाबा झाडतात. कार्यक्रम आपला, कचरा पण आपला." मी मुकाट्याने ओढणी कमरेला बांधली.

त्यांना नाव होतं, पण आमच्यात बायकामुलींच्या गप्पांत कुणाच्या नवऱ्याला नावाने ओळखायची पद्धतच नाही. मीराचे बाबा म्हणजे मीराचे बाबा. जबल अलीच्या बाजूला समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्लांटवर इंजिनियर होते. बायको आमची वैशाली. मूळची साताऱ्याची, पुण्यात जपानी शिकली, दुभाष्याचं काम करता करता या माणसाच्या प्रेमात पडली, आणि शेवटी दोघं डिस्कव्हरी गार्डन्समध्ये माझ्या वरच्या मजल्यावर येऊन राहिली. वैशाली भलतीच भरभर बोलायची. एका दमात भाजीचा भाव, सासूचा फोन आणि मीराचा खोकला. मी तिला म्हणायचे, "अगं, जरा श्वास घे, त्या बिचाऱ्याला काही कळत नसेल." ती हसून म्हणायची, "कळत नाही म्हणूनच तर संसार चाललाय, मंजूताई."

कळत मात्र त्यांना बरंच होतं. लेझीमच्या तालमीला सगळ्यांच्या आधी हजर. पाऊल चुकायचं, पण गैरहजेरी नाही. मोदक करायला बसले की पाऱ्या फाटायच्या. फाटलेले मोदक ते स्वतःच्या ताटात घ्यायचे आणि चांगले देवापुढे ठेवायचे. आरतीला टाळ्या वाजवताना डोळे मिटलेले असायचे. आम्ही सगळेजण त्यांच्याशी बोलताना एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला भरवतो तसं बोलायचो. ते मान डोलवत ऐकून घ्यायचे. फक्त वैशाली त्यांच्याशी सुसाट बोलायची, आणि तिच्याकडे ते टक लावून बघत बसायचे.

त्या वर्षी गणपती झाले आणि वैशाली गेली. ताप आला म्हणून दवाखान्यात नेली, दोन दिवसांत रक्तात विष पसरलं, असं डॉक्टर म्हणाले. अजून माझा विश्वास बसत नाही. स्मशानात सगळं आटोपल्यावर लोक हळूहळू पांगले. मीराचे बाबा तिथेच उभे होते, दोन्ही हात मोकळे सोडून. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "मंजूताई, काही आवरायचं आहे का?"

जानेवारीत बायकांच्या ग्रुपवर वैशालीच्या नंबरवरून त्यांचा मेसेज आला. 'रविवारी आमच्याकडे हळदीकुंकू आहे. सर्वांनी यावे.' मग एकमेकींना फोन सुरू झाले. घरातलं माणूस जाऊन वर्ष नाही झालं, आणि हळदीकुंकू? तेही घरात सवाष्ण नसताना, पुरुषाने बोलावलेलं? शारजाच्या जोशीकाकू आमच्यात सगळ्यांत मोठ्या. त्या म्हणाल्या, "वर्षाच्या आत सण करत नाहीत. त्याला बिचाऱ्याला कोण सांगणार? मंजू, तू खाली राहतेस, तूच जाऊन सांग. नीट समजावून सांग हो, दुखवू नकोस."

मी गेले. त्यांनी चहा केला आणि कपाटातून एक खोका काढून माझ्यापुढे ठेवला. आत चहाच्या गाळण्या होत्या, स्टीलच्या, प्रत्येक वेगळी कागदात गुंडाळलेली. वैशालीने उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्याच्या बाजारातून पुढच्या संक्रांतीचं वाण म्हणून आणून ठेवल्या होत्या. मी जड जिभेने एकेक शब्द सुटा करत सुरुवात केली, की आपल्याकडे वर्षभर असं काही करत नाहीत. ते म्हणाले, "माहीत आहे. वैशालीच्या आईने फोनवर सांगितलं. पण हे तुमचं आहे. तुमच्यासाठी आणलं. मी ठेवू शकत नाही." मग खोक्याचं झाकण लावत म्हणाले, "मार्चमध्ये आम्ही जाणार. एप्रिलमध्ये मीराची शाळा, माझ्या गावात. तिकडे वैशालीला ओळखणारं कोणी नाही. मीराला मी एकटा काय दाखवणार? आई काय करायची, ते तिने एकदा स्वतःच्या हाताने करावं. तुमच्या समोर. तुम्ही तिला ओळखत होता."

मी खाली आले आणि जोशीकाकूंना फोन लावला. म्हटलं, "काकू, मला सांगणं जमलं नाही. आणि मी रविवारी जाणार आहे." काकूंनी फोन ठेवून दिला.

रविवारी दारात छोटी रांगोळी होती, वाकडीतिकडी, पण होती. आठ वर्षांची मीरा परकर-पोलक्यात, केसांत गजरा. बाबांनी तिळगूळ वळले होते, दगडासारखे कडक. तबकात हळद, कुंकू, अत्तर, गुलाबदाणी, सगळं वैशाली मांडायची त्याच क्रमाने. एवढी वर्षं हा माणूस स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होता तर. त्या दिवशीही ते तिथेच उभे राहिले, बाहेर आले नाहीत. चार-पाच जणी आल्या, अवघडून सोफ्याच्या कडेला बसल्या. मीरा तबक धरून उभी, पण हात पुढे होईना. "आय डोन्ट नो हाऊ आई डिड इट," ती अगदी हळू म्हणाली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात जोशीकाकू. नऊवारी नाही, पण ठेवणीतली साडी, आणि शारजाच्या ट्रॅफिकने घामाघूम. "अडीच तास लागले मेले," म्हणत त्या आत आल्या आणि मीरासमोर पाट घेऊन बसल्या. "ये गं, मला लाव. आधी हळद. ते बोट नाही, हे. तुझी आई इतक्या घाईत लावायची की अर्धं कुंकू नाकावर सांडायचं." मीरा हसली. हसताना तिचा हात हलला आणि काकूंच्या नाकावर कुंकू सांडलं. काकूंनी ते पुसलं नाही. नंतर आम्ही एकेक करून तिच्यासमोर बसलो, तिने सगळ्यांना लावलं, सगळ्यांच्या हातात गाळणी दिली. मग काकूंनी तिच्या कपाळावर बोट टेकवलं आणि तिला जवळ घेतलं.

सगळं झाल्यावर मीराचे बाबा सवयीने झाडू शोधायला लागले. झाडू काकूंच्या हातात होता. "आज तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. ते बसले. आम्ही सगळ्याजणी मिळून कप विसळले, फुलं गोळा केली, फरशी पुसली. त्यांच्या हाताला काही काम उरलं नाही, आणि मग तो माणूस गुडघ्यांवर तळवे ठेवून रडला. स्मशानात रडला नव्हता, तो तिथे रडला. मीरा शेजारी जाऊन बसली. आम्ही कुणी गप्प करायला गेलो नाही.

मार्चमध्ये ती दोघं गेली. पहिल्या काही व्हिडिओ कॉलवर मीरा मला इंग्लिशमध्ये का होईना, सगळं सांगायची. गावात बर्फ पडतो, शाळेत चालत जातात, बाबा इतर पालकांबरोबर शाळेचं आवार झाडतात. पुढे पुढे ती जपानीतच उत्तर द्यायला लागली. त्यांना जाऊन दोन वर्षं होत आली तेव्हा, या संक्रांतीला मी म्हटलं, "मीरा, तिळगूळ घे, गोड बोल." तिने वडिलांकडे पाहिलं. काय म्हणतेय ही बाई, असं तिच्या डोळ्यांत होतं.

ती खेळायला पळाली तेव्हा बाबा म्हणाले, "लहान आहे, विसरते. विसरू दे. मोठी झाली की विचारेल, आई कशी होती, कशी बोलायची. तेव्हा मला आठवलं पाहिजे. मंजूताई, तुम्ही माझ्याशी बोलाल? दर रविवारी, थोडं."

मी म्हटलं बोलेन की, आणि नेहमीसारखं सावकाश, शब्द सुटे करत विचारायला लागले, आज... जेवायला... काय... केलं? त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"असं नको. भरभर बोला. ती बोलायची तसं."

तेव्हापासून दर रविवारी मी बोलते. भाजीचा भाव, जोशीकाकूंचे गुडघे, मंडळातली भांडणं, सगळं एका दमात. त्यातलं निम्मं त्यांना कळत नाही, ते मला दिसतं. ते टक लावून ऐकत बसतात.