लंकेतलं गूळ-पाणी

हे माझ्या तोंडातून आजवर बाहेर पडलेलं नाही. मालकांना सांगितलं नाही, मलकापूरच्या बहिणीला नाही. अंबाबाईपुढं हात जोडून उभी राहिले, तेव्हाही दुसरंच काहीतरी मागून परत आले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगवतंय. माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहायला वेळ लागतो — आणि हे लिहायला तर फारच लागला.

मी बुजरी. आम्ही मंगळवार पेठेत राहतो, तेव्हाही इथंच होतो. एका खानावळीसाठी मी घरी भाकऱ्या थापून द्यायची. आल्यागेल्याशी बोलायचं ते मालकांनी, मी आपली दाराआडून. हे आधीच का सांगते? कारण पुढचं ऐकलं की तुम्ही म्हणाल, बुजरी होती बिचारी, घाबरली असेल. तसं म्हणू नका. बुजऱ्या बाईला गप्प बसता येतं. गप्प बसणं तर मला सगळ्यात चांगलं येत होतं. मी गप्प बसले नाही — तेच तर सांगायचं आहे.

माझा थोरला विलास फौजेत होता. त्या वेळी त्यांच्या पलटणीला लंकेत पाठवलं होतं. शांतता राखायला गेलेत, असं रेडिओवर सांगायचे. शांतता राखायला बंदूक कशाला लागते, हे मला कळत नव्हतं, पण विचारणार कुणाला? कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर रोज वाद चालायचा. एक म्हणायचा, दुसऱ्याच्या घरातलं भांडण, आपली पोरं कशाला मरायला? दुसरा म्हणायचा, देशाच्या अब्रूचा प्रश्न आहे. ओरडून ओरडून चहा गार व्हायचा. ओरडणाऱ्यांपैकी एकाचाही पोरगा तिकडं नव्हता. माझा होता. अजून त्या कोपऱ्यावरून जाताना माझं डोकं फिरतं — पण थांबा, मी राग कुणावर काढतेय? ते निदान मनात होतं ते तरी बोलले.

उन्हाळ्यात विलास सुट्टीवर आला. सुरुवातीला काही बोललाच नाही. मित्र आले की उठून परड्यात जाऊन बसायचा. मग एका सकाळी मी चुलीपुढं भाकऱ्या थापत होते, तो शेजारी येऊन पाटावर बसला आणि सांगायला लागला.

सकाळपासून चालत होते ते. पाण्याच्या बाटल्या संपलेल्या. दुपारी एका गावात पोचले, तर सगळी दारं बंद. विहिरीवर एकच बाई, भरलेली घागर कमरेवर. विलासनं ओंजळ करून खुणेनं पाणी मागितलं. त्या बाईनं त्याच्याकडं बघितलं आणि घागर पालथी केली. रागानं फेकली नाही — सावकाश, पाणी संपेपर्यंत तशीच धरली. त्याच्या बुटांपुढं चिखल झाला. मागाहून कळलं, आदल्या दिवशी त्या गावात गोळीबार झाला होता, त्यात तिचा लेक गेला होता. गोळी कुणाची, ते विलासलाही ठाऊक नव्हतं.

"आपल्यात वैरी दारात आला तरी तांब्या देत्यात की गं," तो म्हणाला. "तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

मग माझ्या पिठाच्या हातांत तोंड घालून तो रडला. तव्यावरची भाकरी करपली. डोळे पुसून म्हणाला, "तुला एकटीला सांगितलंय. कुणातरी एकाला ठाऊक असावं." मी मान हलवली. एवढंच मागितलं होतं त्यानं माझ्याकडं. त्या एका माणसानं खरं जपून ठेवायचं, बाकी काही नाही.

तो परत गेला, आणि शाळा सुरू झाल्यावर गल्लीतल्या शाळेच्या शिंदेबाई घरी आल्या. मुलं जवानांना पत्रं लिहिणार होती. "तुम्ही जवानाची आई. वर्गात येऊन दोन शब्द बोला, म्हणजे पोरांना लिहायला सुचेल." मी पदर तोंडावर घेतला. आतून मालक ओरडले, "जाईल की! का न्हाई जाणार?"

शाळेच्या दारात हेडमास्तर भेटले. मुलांना उमेद वाटेल असं सांगा हं, म्हणाले, बाकीचं नको. बाकीचं म्हणजे? म्हणजे बाकीचं काहीतरी आहे हे त्यांना ठाऊक होतं! पेपर वाचणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्या शहाण्यांनी बाकीचं आपल्यापाशी ठेवलं आणि उमेद तेवढी आठ-आठ वर्षांच्या पोरांच्या हातात दिली. फळ्यावर आधीच लिहून ठेवलं होतं — शूर जवान काका, विजयी होऊन या. कुणावर विजय? त्या बाईवर?

बघा, मी परत दुसऱ्यांवरच चिडतेय.

मला खुर्ची दिली. तोवर मला कुणी खुर्ची दिली नव्हती. कुठं गेले तर मी भिंतीकडेला बसायची. सगळी मुलं उभी राहून नमस्ते म्हणाली. मी म्हटलं, विलास बरा आहे, जेवण वेळेवर मिळतं. संपलं होतं. तिथंच उठून घरी येता आलं असतं. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक पोरगी उठली — गादीवाल्या नदाफांची रेश्मा, एवढीशी, दोन वेण्यांची.

"काकू, त्यास्नी तान लागली तर पाणी कोण देतं?"

सगळ्या वर्गात त्या एकट्या पोरीला खरं काहीतरी जाणून घ्यायचं होतं. आणि खरं मला ठाऊक होतं. अख्ख्या पेठेत मला एकटीला ठाऊक होतं. ते सांगायचं नव्हतं, तर "मला ठाऊक नाही बाळ" म्हणता आलं असतं.

मी म्हटलं, "तिथल्या बायका देत्यात की. दारात गेलं की तांब्याभर पाणी, आन् हातावर गूळ. आपल्यासारखंच."

मुलांचे चेहरे फुलले. शिंदेबाई हसल्या. मला ते गोड लागलं — खरं सांगते, गोड लागलं. म्हणून मी आणखी पुढं गेले. म्हटलं, "एक बाई तर विलासला म्हणाली, तू माझ्या लेकासारखाच हाईस."

जिचा लेक आदल्या दिवशी गेला होता, तिच्या तोंडात मी हे घातलं. माझ्या लेकाच्या वैऱ्यानंसुद्धा एवढं केलं नसतं.

टाळ्या वाजल्या. शिंदेबाईंनी फळ्यावर गूळ-पाणी असं लिहिलं आणि मुलांनी ते उतरवून घेतलं. मग बाईंनी पत्ता मागितला — आपल्याच पेठेतल्या जवानाला पत्रं जाऊ देत. मी पिशवीतून विलासचं पत्र काढून त्यांच्या हातात दिलं, त्यावर पत्ता होता. ती पत्रं त्याच्याकडंच जातील हे मला कळलं नाही, असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. पण टाळ्या चालू होत्या.

आधी विलासची पत्रं दोन्ही बाजूंनी भरून यायची. मुलांची पत्रं पोचल्यावर नुसतं कार्ड यायला लागलं. मी खुशाल आहे, काळजी नसावी. एवढंच. आणि मला काय वाटलं असेल? हायसं वाटलं. त्यानं काही विचारलं नाही, म्हणून हायसं!

लंकेतून पलटण परत आली, तेव्हा शाळेनं विलासचा सत्कार ठेवला. खुर्ची या वेळी त्याला होती, मी मागं भिंतीशी. रेश्मा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन पुढं आली. "घ्या काका, तिथल्यासारखं." हेडमास्तर हसत म्हणाले, "सांगा विलासराव, अस्संच देतात ना?"

त्यानं माझ्याकडं एकदाच बघितलं. मी खाली बघितलं. ज्याच्या पुढ्यात घागर पालथी झाली, त्याला मुलांसमोर तोंड उघडावं लागलं.

"व्हय," तो म्हणाला. "अस्संच देत्यात." आणि उभ्यानं सगळा तांब्या प्यायला.

घरी येताना वाटेत म्हणाला, "आता खरं सांगितलं तर आई खोटी पडतीया. म्हंजे आता कुणालाच सांगता येत न्हाई." रागानं नाही, अगदी साधेपणानं म्हणाला. तो ओरडला असता तर मी त्याचे पाय धरले असते का? माहीत नाही. ओरडला नाही, मी धरले नाहीत. लंकेचं नाव त्यानं परत काढलं नाही. पुढं त्याचं लग्न झालं, पण बायकोलाही त्यातलं काही माहीत नाही, ती मलाच विचारते, हे असे मधेच गप्प का होतात. मी म्हणते, लहानपणापासून तसाच आहे. हेही खोटंच.

त्या बाईनं घागर त्याच्या तोंडासमोर पालथी केली. मी त्याच्या पाठीमागं केली.

फौज सोडून विलास हातकणंगल्याला एका गिरणीत वॉचमन आहे. सणावाराला येतो. घरात शिरला की स्वतः माठाकडं जातो, स्वतःच्या हातानं पाणी घेतो. मी पुढं होत नाही.

मागच्या महिन्यात ईदला रेश्मा माहेरी आली होती. आता तिला दोन मुलं आहेत. शीरखुर्म्याचा डबा घेऊन दारात आली आणि धाकट्याला म्हणाली, "ह्या आजींच्या लेकाला लंकेत बायकांनी गूळ-पाणी दिलतं, ठाऊक हाय? आमी पत्रं लिवली हुती त्यास्नी."

पोरगं माझ्याकडं बघत राहिलं. "खरंच, आजी?"

त्या दिवशी विलास आला होता, आत जेवत होता. त्याचा ताटातला हात थांबलेला मला दारातून दिसला.

मी म्हटलं, "व्हय."