मागच्या खोलीची ऊब

पद्मिनी लग्नानंतर नागपूरहून अमेरिकेत आली, तेव्हा तिच्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. सौमित्र ऑफिसला गेला की घर खायला उठायचं. एकदा गळणारा नळ तिने स्वतःच उघडला, वायसर बदलला, आणि तिला अशा दुरुस्त्यांचा छंदच जडला. पुढे वर्क परमिट मिळालं, एका लॅबमध्ये नोकरी लागली, तरी शनिवारी सकाळी तिच्या हातात पाना असायचाच.

आयसेलिन गावात त्यांनी घेतलेलं घर जुनं होतं. बेसमेंटमधल्या बॉयलरचं गरम पाणी पाइपांतून खोलीखोलीतल्या लोखंडी रेडिएटरमध्ये फिरायचं. हॉल इतका तापायचा की भर जानेवारीत सौमित्र टी-शर्टवर बसायचा. वरच्या मजल्यावरची मागची खोली मात्र गारच. ती पाहुण्यांची, एरवी रिकामीच असायची, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात सौमित्रची आई, शुभाताई, राहायला आल्या आणि ती खोली त्यांना दिली. "खोली ठीक आहे ना?" विचारलं की त्या "बरी आहे" म्हणायच्या. थोड्याच दिवसांत त्यांनी परतीचं तिकीट अलीकडच्या तारखेचं करून घ्यायला सांगितलं.

"आईला इथे करमत नाहीये," सौमित्र म्हणाला.

पद्मिनीलाही तसंच वाटलं. एका दुपारी ती चहा घेऊन वर गेली, तर सासूबाई स्वेटरवर शाल, पायांवर दोन ब्लँकेटं घेऊन पलंगावर आखडून बसल्या होत्या.

"आई, एवढी थंडी वाजते, तर बोलला का नाहीत?"

"तुमच्या घराला मी कशी नावं ठेवू गं?"

पद्मिनीला कसंसंच झालं. खाली येऊन तिने सौमित्रला सांगितलं.

"प्लंबर म्हणाला होता ना, बॉयलर लहान पडतोय. नवा बसवून टाकू," तो म्हणाला.

"बॉयलर लहान असता तर हॉलमध्ये घाम फुटला असता का? पाणी जवळच्या जवळ फिरून परत येतंय, लांबच्या खोलीला पुरेसं मिळतच नाही. मला बघू दे."

शनिवारी आधी तिने मागच्या रेडिएटरमध्ये अडकलेली हवा काढली. बारीक किल्ली फिरवल्यावर फुस्स आवाज झाला, आणि पाठोपाठ काळ्या पाण्याची पिचकारी भिंतीवर. शुभाताईंनी चटकन आपला टॉवेल पुढे केला. रेडिएटर वरपर्यंत कोमट झाला, पण तेवढंच.

मग तिने बॉयलरजवळच्या खोल्यांतल्या रेडिएटरचे व्हॉल्व्ह थोडे थोडे आवळायला घेतले, म्हणजे तिथलं पाणी कमी होऊन लांबच्या खोलीपर्यंत पोचलं असतं. एक आवळायचा, घरातली ऊब स्थिरावेपर्यंत थांबायचं, थर्मामीटरने पाहायचं, मग पुढचा. डायनिंग रूममधला जुना व्हॉल्व्ह फिरवताच दांड्याशी पाणी ठिबकायला लागलं. तिने पाना उचलला. वरचा नट जपून कसला, तेव्हा कुठे ते थांबलं.

"सावकाश कर, घाई कशाला?" शुभाताई खुर्ची ओढून जवळ बसल्या.

"आई, वर जाऊन रेडिएटरला हात लावून सांगता का?"

त्या जिना चढून गेल्या. "अजून म्हणावा तसा तापला नाही," वरून आवाज आला.

त्या दिवसापासून दोघींचं हेच सुरू झालं. एकदा पद्मिनीने हॉलचा व्हॉल्व्ह जास्तच आवळला आणि सौमित्र जॅकेट घालून टीव्हीसमोर बसला. मुलगी अनिका ओरडली, "मॉम, आय ॲम फ्रीझिंग!" पद्मिनीने तो किंचित सैल केला. हवं ते एकदम साधत नव्हतं. एका खोलीचं काही बदललं की दुसरीचं बिघडायचं. पण हळूहळू खोल्यांमधला फरक कमी होत गेला.

एका सकाळी शुभाताई शालीशिवाय खाली आल्या. "काल ब्लँकेट पायाशी सरकवलं," एवढंच म्हणाल्या. तिकिटाची तारीख बदलायची का, असं सौमित्रने विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "नको, राहू दे आधीचीच."

पुढच्या आठवड्यात मराठी मंडळातल्या अबोलीचा फोन आला. तिच्याही मुलाची खोली तापत नव्हती. पद्मिनी पाना आणि किल्ली पिशवीत भरत होती, तोवर शुभाताई बूट घालून दाराशी उभ्या होत्या.

"वर कोण जाऊन सांगणार तुला?" त्या म्हणाल्या, आणि दोघी गाडीकडे निघाल्या.