शालू गेला वस्तीवर

माझ्या लग्नाच्या दिवशी माझा शालू अगदी वेळेवर बोहल्यावर चढला. फक्त त्याच्या आत मी नव्हते.

आत होती म्हसूमामांची कमल. आणि हा कारभार केला होता माझ्या सख्ख्या आजीनं, म्हणजे जिजीनं.

पोलीस ॲक्शननंतर, रझाकारांची धास्ती नुकती ओसरली होती तेव्हा, जिजी नवरी होऊन खुलताबादजवळच्या आमच्या गावात आली आणि नव्वदी ओलांडून गेली. एवढ्या काळात तिनं आमचा संसार केला असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर तिनं गावाचा केला. आमचा मधल्या वेळात उरकला. बाळंतीण कुणाचीही असो, डिंक आमच्या डब्यातला. उरुसाला आलेली परकी माणसं आमच्या ओट्यावर जेवायला बसलेली दिसली की आजोबा विचारायचे, हे कोण? जिजी म्हणायची, भुकेले. गावाला हापसा मिळावा म्हणून ती तहसीलदारांच्या जीपपुढं बसून राहिली. हापसा मिळाला. बसवला मात्र आमच्या दारापासून सगळ्यात लांब, कारण तिकडच्या बायांना पाणी लांब पडत होतं. (हंडे वाहायला मी होतेच.)

तर, माझ्या लग्नादिवशीच वरच्या वस्तीवर कमलचं लग्न होतं. म्हसूमामा मेंढरं राखायचे, निम्मं वर्ष रानात असायचे. कमलचा मुहूर्त माझ्या थोडा आधीचा. मी न्हाऊन, वेणी घालून बसले होते, तेवढ्यात कमलची आई रडत आली. वऱ्हाड येऊन बसलं होतं आणि आचाऱ्याचा पत्ता नव्हता. जिजीनं आमचा आचारी दिला. त्याच्याबरोबर बुंदीची एक पाटीही दिली. अण्णा, म्हणजे माझे वडील, डोक्याला हात लावून म्हणाले की आपल्या वऱ्हाडानं काय खायचं? जिजी म्हणाली, भात मी टाकते. मग तिच्या ध्यानात आलं की भाताला पाणी लागतं, म्हणजे वस्तीवरही लागत असणार. पाण्याचा टँकर वस्तीवर गेला.

इथवर ठीक होतं. मग जिजी माझ्या खोलीत आली आणि दार लोटून घेतलं.

"कमलचा शालू शेळीनं खाल्ला."

"सगळा?"

"पदर अन् मधला निम्मा. उरल्याल्यात पोरगी मावत नाय."

मला खरंच वाईट वाटलं. जिजीची नजर माझ्या पेटीवर आहे हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं!

"तिकडची माणसं आधीच कुरकुर करायलीत," जिजी म्हणाली. "पोरगी जुन्यात उभी राहिली तर सासू जन्मभर टोचंल तिला."

"आणि माझी सासू?"

"तुझ्या सासरची माणसं शिकल्याली हायत. अक्षता पडल्या की लगेच परत आणते."

मी रडले, आई रडली. जिजीही रडली, पण ती शालू काखेत मारून रडत होती. गुलमंडीच्या बाजारात अख्खा दिवस घालवून घेतलेला माझा डाळिंबी शालू!

अर्थात, अक्षता पडल्यावर नव्या नवरीच्या अंगावरचा शालू कोण सोडवणार? तो काही आला नाही. माझ्या बाकीच्या साड्यांचे मावशीनं रुखवतासाठी मोर केले होते, टाचण्या टोचून, पिसाऱ्यासकट. मोडू का, विचारलं तर ती मोरांच्या आडवी उभी राहिली. शेवटी जिजीचं हिरवं नऊवारी लुगडं मला गुंडाळण्यात आलं, डांबरगोळ्यांच्या वासासकट. अंतरपाटापलीकडं नवरदेवाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. जावई किती हळवा, असं बायका म्हणू लागल्या. तो शिंकला तेव्हा त्यांना कळलं.

जेवणात भात चांगला झाला होता. भातच होता.

पाठवणीच्या वेळी फुलं लावलेली जीप दारात नव्हती. कमलच्या नवऱ्याच्या आजोबांना वस्तीवर ऊन लागून चक्कर आली होती आणि जिजीनं त्यांना आमच्या जीपमध्ये घालून खुलताबादच्या दवाखान्यात नेलं होतं. म्हातारबाबा वाटेत शुद्धीवर आले. अवतीभवती झेंडूच्या माळा आणि शेजारी अनोळखी बाई बघून त्यांनी घाबरून पुन्हा डोळे मिटले, असं ड्रायव्हर सांगत होता. पण ते वाचले. कमलचं लग्नही नीट लागलं आणि तिच्या सासूनं त्या शालूचं सगळ्या नात्यात कौतुक केलं. हे जिजीनं मला पुढं कितीदा सांगितलं! दरवेळी मी दात आवळून ऐकलं.

मी सासरी निघाले रुखवताच्या ट्रॅक्टरमधून. डाव्या हाताला मोर, उजव्या हाताला आंदणाची भांडी, मधे हिरव्या लुगड्यात मी. नवरदेव ड्रायव्हरशेजारी चाकावरच्या पत्र्यावर, नाकाला रुमाल लावून. पडेगाव येईपर्यंत फुफाट्यानं आम्ही सगळे, मोरांसकट, एका रंगाचे झालो होतो.

सासरच्या दारात आजेसासूबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ट्रॅक्टरकडं पाहिलं, माझ्या डोक्यावरून मागच्या रस्त्याकडं पाहिलं आणि नवरदेवाला विचारलं, "नवरी मागच्या गाडीत हाय व्हय?"

"हीच नवरी," तो रुमालातून म्हणाला.

"ही?" त्यांनी ताट खाली घेतलं. "मला वाटलं, भांडी उतरवायला आणलेली बाई."

मला राग यायला हवा होता. पण तोंड कुठल्या तोंडानं उघडणार? तोवर मी दोन पातेली आणि एक घंगाळ खाली उतरवलं होतं!